चार सामने, तीन गुण: बायर्नची घसरण विजेतेपदाच्या शर्यतीविषयी काही सांगते का?

मध्यरेषा
१९ सप्टेंबर २०२२

शनिवारी ऑग्सबर्गने बायर्न म्युनिकला १-० असे नमवले आणि बुंडेसलीगा या जर्मन फुटबॉल लीगमध्ये सलग चौथ्यांदा बायर्नच्या खेळाडूंना विजयाविना मैदान सोडावे लागले. मोन्शेनग्लाडबाखशी १-१, युनियन बर्लिनशी १-१, स्टुटगार्टशी २-२ आणि आता हा पराभव. म्हणजे १२ गुणांपैकी पदरात पडले ते फक्त तीन. सात सामन्यांनंतर गुणतालिकेत युनियन बर्लिन १७ गुणांसह पहिला आहे, त्याच्यामागे डॉर्टमंड १५, फ्रायबर्ग १४ आणि होफनहाइम १३ असा क्रम लागतो आणि सलग दहा वेळा विजेता ठरलेला बायर्न १२ गुणांसह पाचवा आहे.

गंमत अशी की याच संघाने हंगामाची सुरुवात युरोपा लीग विजेत्या फ्रँकफर्टला त्यांच्याच मैदानावर ६-१ असे धुऊन केली होती. त्यानंतर वोल्फ्सबर्गला २-० आणि बोखुमला ७-० असे हरवले, तेव्हा आमच्या गटातले निम्मे लोक ‘यंदा लीग पाहण्यात अर्थच उरला नाही’ असे म्हणून मोकळे झाले होते. पहिल्या तीन सामन्यांत १५ गोल करणाऱ्या संघाला पुढच्या चार सामन्यांत मिळून चारच गोल करता आले. ऑग्सबर्गविरुद्ध तर एकही नाही, आणि लीगमध्ये बायर्नची पाटी कोरी राहण्याची ही फेब्रुवारी २०२० नंतरची पहिलीच वेळ आहे. मधल्या काळात चॅम्पियन्स लीगमध्ये मात्र याच संघाने इंटर मिलान आणि बार्सिलोना या दोघांनाही २-० असे हरवले, त्यामुळे संघ थकला आहे किंवा खेळ विसरला आहे असे म्हणणेही जड जाते.

माझा प्रश्न असा आहे की मुख्य आघाडीपटू लेवांडोवस्की बार्सिलोनाला गेल्यामुळे ही घसरण पूर्वीच्या घसरणींपेक्षा वेगळी मानावी, की दरवर्षी शरद ऋतूत बायर्नचा पाय घसरतो आणि वसंतात तो पुन्हा शिखरावर बसलेला दिसतो, तसेच यंदाही होईल? ‘बायर्न हा बायर्नच आहे’ एवढ्यावर थांबणारी उत्तरे बरीच वाचून झाली. कारणांसह कोणी लिहिले तर आभारी राहीन.


जुना गोलरक्षक
१९ सप्टेंबर २०२२

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाविषयी लिहितो, कारण दुसऱ्या भागातील इतिहास सांगणारे जाणकार येथे आहेत.

ग्लाडबाखविरुद्धचा सामना मी संपूर्ण पाहिला. आपल्याकडे रात्री दहाला सुरू झालेला तो सामना संपेपर्यंत मी खुर्चीच्या कडेवर आलो होतो, आणि त्याचे कारण बायर्नचे आक्रमण नसून समोरचा गोलरक्षक यान सोमर हे होते. त्या एका सामन्यात त्याने १९ फटके अडवले आणि तो बुंडेसलीगातील विक्रम ठरला. मी स्वतः कोल्हापुरात एका तालमीच्या संघाकडून दहा-बारा वर्षे गोलपोस्टमध्ये उभा राहिलो आहे, तेव्हा एवढे सांगू शकतो की असा दिवस गोलरक्षकाच्या आयुष्यात एखाद्या वेळीच उजाडतो, आणि तो बहुधा आपल्यापेक्षा मोठ्या संघाविरुद्धच उजाडतो, कारण लहान संघाविरुद्ध १९ वेळा हात लावायची पाळीच येत नाही. तो सामना बायर्न वाईट खेळल्यामुळे बरोबरीत सुटला असे मला वाटत नाही.

ऑग्सबर्गची गोष्ट वेगळी आहे. तेथे बेरिशाने तासाभराच्या आसपास गोल केला आणि त्यानंतर बायर्नला अर्धा तास मिळाला होता. तरीही बायर्नचा गोलरक्षक नॉयर याने स्वतःची जागा सोडून शेवटच्या क्षणी समोरच्या गोलपुढे येऊन डोक्याने फटका मारावा आणि त्या सामन्यातील बायर्नच्या चांगल्या संधींत त्याची गणना व्हावी, यातच सारे आले. ऑग्सबर्गचा गोलरक्षक गिकिएविझ याने तोही अडवला. गोलरक्षकाला हेडरसाठी पुढे यावे लागते तेव्हा संघात हक्काचा आघाडीपटू नाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

लेवांडोवस्की फक्त गोल करत नव्हता. तो मधोमध उभा असला की समोरचे दोन्ही मध्यरक्षक त्याला चिकटून राहात आणि त्यामुळे म्युलर, साने, न्याब्री यांना कडेने आत शिरायला वाट मोकळी मिळे. आता माने, मुसियाला, साने हे सगळे जागा बदलत, फिरत खेळतात, आणि समोरचा संघ पुढे येऊन खेळत असेल तर ही फिरती आघाडी फारच भेदक ठरते. फ्रँकफर्ट पुढे आला आणि सहा गोल खाऊन बसला. इंटर आणि बार्सिलोना यांना मागे दबून बसण्याची सवयच नाही, म्हणून तेही फसले. पण युनियन किंवा ऑग्सबर्ग आपल्या पेनल्टी क्षेत्रापुढे दोन ओळींत भिंत उभी करतात तेव्हा मागे धावायला जागाच उरत नाही, आणि कडेवरून चेंडू आत टाकावा तर तो घेणारे डोके तेथे नसते. आघाडीपटू चुपो-मोटिंग दुखापतीतून बरा होऊन परतला की हा प्रश्न थोडा सुटेल असा माझा अंदाज आहे, जरी त्याचे नाव घेतल्यावर आमच्याकडे लोक हसतात.


इसारकाठ
२० सप्टेंबर २०२२

मी गेली नऊ वर्षे म्युनिकमध्ये राहते, त्यामुळे इथल्या हवेविषयी दोन शब्द लिहिते.

ऑग्सबर्ग येथून अवघे साठ किलोमीटर आहे. शनिवारी दुपारी बारा वाजता ऑक्टोबरफेस्टचे पहिले पिंप फोडले गेले, तेही महामारीमुळे दोन वर्षे खंड पडल्यानंतर, आणि त्याच दुपारी शेजारच्या गावात बायर्न हरला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, संघाची उत्सवातील पारंपरिक भेट आधीच ठरलेली होती. लेदरहोजन घालून, हातात बियरचा मग घेऊन छायाचित्रकारांसमोर उभ्या असलेल्या त्या खेळाडूंचे चेहरे पाहिले तेव्हा घरातील सुतक न संपताच लग्नाला जावे लागलेल्या पाहुण्यांची आठवण झाली. प्रशिक्षक नागेल्समान यांच्या चेहऱ्यावर तर हसू औषधालाही नव्हते.

येथील वर्तमानपत्रांत मात्र चर्चा आघाडीपटूपेक्षा प्रशिक्षकांची जास्त आहे. त्यांचे वय ३५, म्हणजे कर्णधार नॉयरपेक्षा ते वयाने लहान. त्यांचे बोलणे, कपडे, सामन्यादरम्यानचे हातवारे, सगळ्यांवर लिहून येते आहे. बायर्नमध्ये दोन सामने बरोबरीत सुटले की त्याला ‘संकट’ म्हणतात, हे मी येथे आल्यावर पहिल्याच वर्षी शिकले. पण या वेळी जे लोक सहसा शांत असतात तेही कुजबुजू लागले आहेत, हे नोंदवावेसे वाटते.


आकडेमोड
२० सप्टेंबर २०२२

धागाकर्त्यांचा प्रश्न चांगला आहे, पण तो ‘बायर्नचे काय होईल’ असा विचारला की उत्तर अर्धेच मिळते. विजेतेपद दोन किंवा अधिक संघांच्या गुणांतील फरकावर ठरते, म्हणून बायर्नने किती गमावले याच्याइतकेच इतरांनी त्या काळात किती कमावले आणि पुढे किती सांभाळले हे पाहावे लागते. मागची उदाहरणे या नजरेने पाहू.

२०१७ मध्ये नेमके असेच सात सामने झाले होते आणि नेमके पाचच गुणांचे अंतर होते. डॉर्टमंड १९, बायर्न १४. पॅरिसमध्ये ०-३ असा पराभव झाल्यावर बायर्नचे प्रशिक्षक अँचेलोटी यांना निरोप देण्यात आला आणि ७२ वर्षांचे युप हाइनकेस निवृत्तीतून परत आले. त्या वर्षी बायर्न ८४ गुणांसह जिंकला आणि दुसरा आलेला शाल्के २१ गुणांनी मागे राहिला. डॉर्टमंडचे काय झाले? शाल्केविरुद्ध ४-० अशी आघाडी असताना सामना ४-४ असा सुटला, डिसेंबरात प्रशिक्षक बॉस गेले आणि संघ ५५ गुणांवर थांबला. हाइनकेस यांचे श्रेय कमी करायचे नाही, पण समोरचा प्रतिस्पर्धी नाताळापूर्वीच शर्यतीतून बाहेर गेला होता.

२०१८ चे उदाहरण अधिक बोलके आहे. प्रशिक्षक निको कोवाच यांच्या पहिल्या हंगामात बायर्नने पहिले चार सामने जिंकले आणि मग ऑग्सबर्गशी बरोबरी, हेर्टाकडून ०-२, घरच्या मैदानावर ग्लाडबाखकडून ०-३ असा क्रम लागला. त्यानंतर क्लबचे प्रमुख रुमेनिगे आणि होनेस यांनी ती प्रसिद्ध पत्रकार परिषद घेतली, जिच्यात खेळाडूंवरील टीकेला उत्तर देताना जर्मन राज्यघटनेतील मानवी प्रतिष्ठेचे कलम वाचून दाखवण्यात आले. चार-पाच सामन्यांतील अपयशासाठी राज्यघटनेला साक्षीला बोलावणारा क्लब जगात दुसरा नसावा. नोव्हेंबरात डॉर्टमंडने बायर्नला ३-२ असे हरवले, पुढे नवख्या ड्युसेलडॉर्फने म्युनिकमध्ये ३-३ अशी बरोबरी साधली, आणि बारा सामन्यांनंतर अंतर नऊ गुणांचे झाले. तरीही विजेतेपद बायर्नलाच मिळाले, ७८ विरुद्ध ७६.

हे नऊ गुण गेले कुठे, हे पाहिले तर माझा मुद्दा लक्षात येईल. बायर्नने एप्रिलमध्ये डॉर्टमंडला ५-० असे हरवले हे सर्वांना आठवते, पण त्याआधीच अंतर जवळजवळ मिटले होते. डॉर्टमंडने फेब्रुवारीत होफनहाइमविरुद्ध ३-० अशी आघाडी शेवटच्या पंधरा मिनिटांत घालवली, तळाच्या न्युरेम्बर्गशी गोलशून्य बरोबरी केली आणि ऑग्सबर्गकडून पराभव पत्करला. शेवटी शेवटी शाल्केकडून घरच्या मैदानावर २-४ असा पराभव झाला आणि ब्रेमनविरुद्ध २-० अशी आघाडी पुन्हा निसटली. त्याच काळात बायर्ननेही न्युरेम्बर्ग आणि लाइपझिग यांच्याशी बरोबरी करून दार किलकिले ठेवले होते, पण आत शिरायला कोणी आले नाही.

२०१९ विषयी थोडक्यात लिहितो. फ्रँकफर्टकडून ५-१ असा पराभव, दुसऱ्या दिवशी कोवाच यांची गच्छंती, हान्सी फ्लिक यांच्याकडे सूत्रे, आणि तरीही १४ सामन्यांनंतर संघ सातवा. पहिल्या स्थानावरील ग्लाडबाखपेक्षा सात गुणांनी मागे. उरलेल्या २० सामन्यांत बायर्नने १९ जिंकले आणि एक बरोबरीत सोडवला. येथे मात्र प्रतिस्पर्ध्यांना दोष देता येणार नाही. असा संघ समोर असेल तर कोणीही काही करू शकत नाही.

आता उलट उदाहरण, जे सहसा विसरले जाते. २०१० मध्ये प्रशिक्षक लुई व्हान खाल यांच्या दुसऱ्या हंगामात सात सामन्यांनंतर बायर्नचे आठ गुण होते. रॉबेन विश्वचषकानंतर दुखापतग्रस्त होता आणि संघाला सात सामन्यांत पाचच गोल करता आले होते. पहिले सातही सामने जिंकणारा माइंझ तेरा गुणांनी पुढे होता, परंतु लक्षात ठेवण्यासारखा आकडा डॉर्टमंडचा आहे: १८, म्हणजे बायर्नपेक्षा दहा जास्त. हंगामाच्या अखेरीस डॉर्टमंड ७५ आणि बायर्न ६५. पुन्हा दहाच. उरलेल्या २७ सामन्यांत दोन्ही संघांनी प्रत्येकी ५७ गुण मिळवले. याचा अर्थ, ऑगस्ट-सप्टेंबरात पडलेली खाच शेवटपर्यंत तशीच राहिली, कारण समोरच्या संघाने ती भरू दिली नाही.

त्यामुळे आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की पाच गुणांचे अंतर स्वतःहून काहीच सांगत नाही. सांगायचे असेल तर ते समोरचा संघ सांगेल. युनियन बर्लिनविषयी मला अतिशय आदर आहे. बावीस हजारांच्या मैदानात खेळणारा आणि २०१९ मध्ये प्रथमच या लीगमध्ये आलेला हा संघ पहिल्या क्रमांकावर आहे, पण युरोपा लीगचे गुरुवारचे सामने त्यांना जानेवारीनंतर पेलतील असे वाटत नाही. फ्रायबर्गचेही तेच. राहता राहिला डॉर्टमंड, आणि त्याच्याविषयी त्यांच्याच चाहत्याने लिहावे हे बरे.


पिवळी भिंत
२० सप्टेंबर २०२२

बोलावलेच आहे तर लिहितो, जरी आमच्या जखमेवर आपण हलक्या हाताने का होईना, मीठच चोळले आहे.

यंदा आमच्याकडून आघाडीपटू हालांड गेला. त्याच्या जागी आणलेल्या हालेरला हंगामापूर्वीच्या सरावाच्या वेळी अंडकोषात गाठ असल्याचे निदान झाले आणि तो कधी परतेल ही आता आमच्या दृष्टीने फुटबॉलपेक्षा मोठी गोष्ट आहे. त्यामुळे आघाडीपटू नसल्याचे दुःख केवळ म्युनिकनेच करावे असे नाही. एवढे असूनही आम्ही बायर्नच्या तीन गुणांनी पुढे आहोत, आणि त्यात आमचे कौतुक किती व त्यांची घसरण किती याचा हिशेब मला मांडता येत नाही.

पण आकडेमोड यांचा मूळ मुद्दा मला मान्य करावा लागतो. २० ऑगस्टला ब्रेमनविरुद्ध आमच्याच मैदानावर ८९व्या मिनिटापर्यंत आम्ही २-० असे पुढे होतो. अंतिम निकाल २-३. ऐंशी हजार लोकांसमोर सहा-सात मिनिटांत तीन गोल खाण्याचे कसब फक्त आमच्याच संघाकडे आहे. ते तीन गुण आज असते तर आम्ही १८ गुणांसह पहिले असतो आणि या धाग्याचे शीर्षक वेगळे असते. सप्टेंबरात असे गमावलेले गुण कोणी मोजत नाही, आणि मे महिन्यात मात्र तेच आठवत बसावे लागते. २०१९ मध्ये दोन गुणांनी विजेतेपद गेले तेव्हा मी होफनहाइमचा सामना कित्येक दिवस मनातल्या मनात पुन्हा पाहत होतो.

बायर्नच्या पहिल्या तीन सामन्यांतील १५ गोलांविषयी एक सांगतो. सात गोलांनी जिंकले तरी गुण तीनच मिळतात. त्यांनी त्यातले चार-पाच गोल पुढच्या चार सामन्यांसाठी राखून ठेवले असते तर आज ते पहिले असते. म्हणून त्या धुलाईचे मला मुळीच भय वाटले नव्हते.


मध्यरेषा
२१ सप्टेंबर २०२२

सर्वांचे आभार. २०१० चा हिशेब मला अगदीच नवा होता. मी हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या मनात लेवांडोवस्कीची रिकामी जागा होती. गेल्या वर्षी ३५ आणि त्याआधीच्या वर्षी ४१ लीग गोल करणारा माणूस गेल्यावर संघ तसाच राहील असे मानणे मला भाबडेपणाचे वाटत होते, आणि ते मत अजूनही बदललेले नाही. फक्त एवढे पटले की त्या रिकाम्या जागेची किंमत बायर्नला मोजावी लागेल की नाही हे डॉर्टमंडच्या बचावफळीवर अवलंबून आहे.

यंदा विश्वचषक नोव्हेंबरात कतारमध्ये होणार असल्याने पंधरा सामन्यांनंतर लीग थेट जानेवारीपर्यंत थांबणार आहे. अशी दोन महिन्यांची विश्रांती कोणाला तारते आणि कोणाला मारते याचा पूर्वीचा दाखलाच नाही, म्हणून हा धागा तेव्हा पुन्हा वर काढावा असा विचार आहे.


पिवळी भिंत
१४ नोव्हेंबर २०२२

धागा मीच वर काढतो आणि सोबत पांढरे निशाणही फडकवतो. पंधरा सामने झाले. बायर्न ३४ गुणांसह पहिला, आणि आम्ही २५ गुणांसह सहावे. ऑग्सबर्गच्या पराभवानंतर त्यांनी आठपैकी सात सामने जिंकले. जो एक जिंकला नाही तो आमच्याविरुद्धचा, ज्यात मोडेस्टने अगदी शेवटच्या क्षणी २-२ अशी बरोबरी साधून दिली. जुना गोलरक्षक यांनी ज्याच्यावर भरवसा ठेवला होता तो चुपो-मोटिंग गोलांमागून गोल करतो आहे आणि आता कोणी हसत नाही. नऊ गुणांचे अंतर आहे. हाच आकडा २०१८ मध्ये उलट दिशेने होता, एवढी आठवण काढून मी पुढील वर्षापर्यंत रजा घेतो.


मध्यरेषा
२८ मे २०२३

आठ महिन्यांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर काल संध्याकाळी सात ते नऊ या दोन तासांत मिळाले, आणि ते एका वाक्यात सांगता येईल असे नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

बायर्न सलग अकराव्यांदा विजेता ठरला. बायर्न ७१, डॉर्टमंड ७१. गुण समान असल्याने निर्णय गोलफरकावर, म्हणजे केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतील फरकावर झाला: बायर्नचा अधिक ५४, डॉर्टमंडचा अधिक ३९. २०१० नंतर इतक्या कमी गुणांवर कोणीही ही लीग जिंकलेली नव्हती.

जानेवारीत लीग पुन्हा सुरू झाल्यावर बायर्नने लागोपाठ तीन सामने १-१ असे सोडवले. नॉयरने डिसेंबरात स्कीइंग करताना पाय मोडून घेतला होता. मार्चमध्ये लीव्हरकुसेनकडून १-२ असा पराभव झाला, डॉर्टमंड एका गुणाने पुढे गेला, आणि त्याच आठवड्यात नागेल्समान यांना हटवून थॉमस टुखेल यांना आणण्यात आले. इसारकाठ यांनी सप्टेंबरात लिहिलेली कुजबुज अखेर मोठ्या आवाजात ऐकू आली. टुखेल यांनी पहिल्याच सामन्यात डॉर्टमंडला ४-२ असे हरवले, पण पुढे माइंझ आणि लाइपझिग या दोघांकडून बायर्नने प्रत्येकी तीन गोल खाऊन पराभव पत्करला. म्हणजे प्रशिक्षक बदलल्याने २०१७ किंवा २०१९ सारखा चमत्कार घडला असे मुळीच नाही. विश्रांतीनंतरच्या १९ सामन्यांत बायर्नने ३७ गुण मिळवले आणि डॉर्टमंडने ४६. नऊ गुणांची खाच डॉर्टमंडने पूर्ण भरून काढली, आणि एवढे करूनही एक पाऊल कमी पडले.

शेवटच्या दिवशी डॉर्टमंड दोन गुणांनी पुढे होता आणि घरच्या मैदानावर माइंझला हरवले की काम फत्ते होते. माइंझने पहिल्या २४ मिनिटांत दोन गोल केले. त्या दोन गोलांच्या मध्ये हालेरची पेनल्टी अडवली गेली. आजारातून उठून जानेवारीत मैदानावर परतलेल्या आणि वसंतात संघाला इथपर्यंत आणणाऱ्या त्या खेळाडूच्या वाट्याला हे यावे याचे खरोखर वाईट वाटले. तिकडे कोलोनमध्ये बायर्नच्या कोमाँने आठव्या मिनिटालाच गोल केला होता. ८१व्या मिनिटाला कोलोनला पेनल्टी मिळाली, १-१ झाले, आणि त्या क्षणी डॉर्टमंड १-२ असा मागे असूनही विजेता होता. माझ्यासमोर दोन पडदे होते, एक दूरचित्रवाणीचा आणि एक भ्रमणध्वनीचा, आणि दोन्ही मैदानांवरील प्रेक्षकांना आपल्याच खेळापेक्षा दुसऱ्या मैदानाची चिंता जास्त आहे हे स्पष्ट ऐकू येत होते. ८९व्या मिनिटाला मुसियालाने पेनल्टी क्षेत्राबाहेरून फटका मारला. डॉर्टमंडला अगदी शेवटी झ्युलने बरोबरी साधून दिली, तोच झ्युल जो गेल्या वर्षीपर्यंत बायर्नचा होता. एक गोल कमी पडला.

आता पिवळी भिंत यांना दोन गोष्टींची आठवण करून द्यावीशी वाटते, आणि ती चिडवण्यासाठी नाही. ब्रेमनविरुद्धचे ते तीन गुण आपण सप्टेंबरातच मोजले होते. आणि दुसरे असे की बायर्नच्या त्या १५ गोलांविषयी आपले मत मलाही तेव्हा पटले होते. पहिल्या तीन सामन्यांतील त्यांचा गोलफरक अधिक १४ होता. काल दोन्ही संघांतील अंतर १५ चे होते.


पिवळी भिंत
२८ मे २०२३

वाचले. स्टुटगार्टविरुद्धचा एप्रिलमधला सामना आपण यादीत घेतला नाही. समोर दहाच खेळाडू होते, आम्ही २-० आणि मग भरपाई वेळेत ३-२ असे पुढे होतो, आणि ९७व्या मिनिटाला ३-३ झाले. माझ्या मनात ब्रेमन मागे पडून सध्या तोच सामना चालू आहे.

जानेवारीपासून लीगमध्ये आम्ही एकच सामना हरलो, याचे कौतुक इतर कोणी करणार नाही म्हणून मीच येथे नोंदवून ठेवतो.


इसारकाठ
२९ मे २०२३

काल मारियेनप्लाट्झवर गेले होते. नगरपालिकेच्या सज्जात पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ होते. महिलांनी कालच पॉट्सडॅमला ११-१ असे हरवून आपली लीग जिंकली. गर्दी होती, गाणी होती, पण शेजारी उभे असलेले एक आजोबा शेवटपर्यंत कान आणि सालिहामिजिच यांच्याविषयीच बोलत होते. विजेतेपद मिळाले त्याच दिवशी क्लबचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि क्रीडा संचालक या दोघांनाही पदावरून दूर करण्यात आले. सामना संपून तास-दोन तास होत नाहीत तोच लोक मुसियालाचा गोल सोडून त्या बातमीवर आले होते. सप्टेंबरातल्या ऑक्टोबरफेस्टच्या छायाचित्रात आणि कालच्या सज्जातल्या चेहऱ्यांत मला फार फरक दिसला नाही, हे मी येथे लिहिते आहे, तेथे कोणाला बोलले नाही.


जुना गोलरक्षक
२९ मे २०२३

आकडेमोड यांच्या उत्तराची वाट पाहत होतो, पण ते बहुधा नव्या बेरजा करत असावेत, म्हणून माझी एक छोटी नोंद करतो.

नॉयरचा पाय मोडल्यावर बायर्नने जानेवारीत गोलरक्षक विकत घेतला तो ग्लाडबाखचा यान सोमर. ज्याने ऑगस्टमध्ये १९ फटके अडवून त्यांचे दोन गुण हिरावून घेतले होते, त्याच्यासाठी त्यांना पाच महिन्यांत पैसे मोजावे लागले. शनिवारी कोलोनमध्ये ८१व्या मिनिटाची पेनल्टी त्याला अडवता आली नाही. पेनल्टीनंतर कॅमेरा त्याच्यावर आला तेव्हा तो जाळ्यातून चेंडू काढत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होते ते मला नेमके ओळखू आले. ग्लाडबाखच्या त्या सामन्याच्या रात्री तो अशा अवस्थेत एकदाही दिसला नव्हता, सानेने गोल केला तेव्हासुद्धा नाही. लहान संघाच्या गोलरक्षकाला एक गोल झाला तरी कोणी जाब विचारत नाही.